किच आणि क्रौर्य

नक्राश्रू हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. मनात दुःखाचा लवलेश नसताना डोळ्यांतून पाणी काढून दाखवणारा माणूस आपण ओळखतो आणि त्याच्यापासून सावधही राहतो. परंतु अश्रूंचा आणखी एक प्रकार आहे व त्याला मराठीत नेमके नाव नाही. हे अश्रू खोटे नसतात. रडणाऱ्याचा गळा खरोखरच दाटून आलेला असतो. मात्र त्या रडण्याची त्याला काहीही किंमत मोजावी लागत नाही, आणि दुःख ज्याचे आहे त्याच्यापेक्षा आपल्या स्वतःच्या हळवेपणाकडेच त्याचे लक्ष अधिक असते. असे अश्रू विनासायास काढून देणारी जी कला, किंवा कलेसारखी दिसणारी जी वस्तू, तिला जर्मन भाषेत ‘किच’ असे म्हणतात. अनेक भाषांनी हा शब्द जसाच्या तसा उचलला आहे. आपणही तो तसाच घेऊ.

सवंग, भडक, बटबटीत ही आपली नेहमीची विशेषणे किचच्या बाह्य रूपाचे वर्णन करतात, परंतु त्याच्या व्यापाराचे करीत नाहीत. संस्कृत साहित्यशास्त्रातील ‘रसाभास’ ही संज्ञा थोडी जवळची वाटते. पण तेथे प्रश्न औचित्याचा आहे. भाव अस्थानी प्रकट झाला म्हणजे रसाचा आभास होतो. किचमध्ये भाव बहुधा योग्य ठिकाणीच असतो. आईविषयी प्रेम, मातृभूमीविषयी अभिमान, दुबळ्याविषयी कणव यांत अनुचित असे काय आहे? दोष आहे तो हा भाव तयार माल म्हणून हाती येतो यात. प्रेक्षकाला काही शोधावे लागत नाही, कशाला सामोरे जावे लागत नाही, स्वतःत तिळमात्र बदल करावा लागत नाही.

हा शब्द प्रचारात आला तो १८६० ते १८८० या काळात, म्युनिक शहरातील चित्रांच्या बाजारात. त्याच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही, परंतु स्वस्तात काढून विकण्याच्या चित्रांना तो लावला जाई एवढे निश्चित. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. कारखाने उभे राहिले होते, खेड्यांतील माणसे शहरात आली होती, वाचायला शिकली होती आणि कामाच्या तासांनंतर त्यांच्या हाती थोडा मोकळा वेळ येऊ लागला होता. गावाकडची गाणी, खेळ, जत्रा मागे राहिल्या. अभिजात कलेचा आस्वाद घेण्यास लागणारी फुरसत व शिक्षण मिळाले नाही. या मधल्या पोकळीत यंत्राने छापलेली, ठराविक साच्याची, चटकन कळणारी करमणूक शिरली. अमेरिकन समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग याने १९३९ साली आपल्या एका गाजलेल्या निबंधात किचच्या जन्माची मीमांसा साधारण याच दिशेने केली आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. स्वस्त, छापील, लोकप्रिय म्हणजे किच असे समीकरण मांडणे हा केवळ सुशिक्षितांचा गर्व होय. आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलला व नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर गेल्या. छापील तसबिरीला देवळाच्या उंबरठ्याची अडचण नव्हती. ज्या घरात अशा तसबिरीपुढे रोज दिवा लागला, सणाला गोडधोड होण्याआधी नैवेद्य दाखवला गेला, तेथे ती तसबीर माणसाकडून काही मागत होती. तिच्या चित्रकलेत दोष काढता येतील, परंतु त्या घरातील श्रद्धेला किच म्हणता येणार नाही. तेव्हा प्रश्न चित्र किती आण्यांना विकले गेले हा नाही. ते पाहणाऱ्याचे काय करते, हा आहे.

हा प्रश्न नीतीचा आहे हे ज्यांनी ओळखले त्यांत ऑस्ट्रियन कादंबरीकार हेर्मान ब्रॉख अग्रणी होता. १९३३ साली लिहिलेल्या निबंधात त्याने किच ही कलेच्या प्रांतातील निकृष्ट वस्तू मानली नाही. कलेच्या मूल्यव्यवस्थेत शिरलेले दुरित मानले. आपले काम चोख व्हावे असे न वाटता ते देखणे दिसावे एवढेच वाटू लागले की बिघाड सुरू होतो, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. पुढे चेक लेखक मिलान कुंदेरा याने १९८४ च्या आपल्या कादंबरीत, जगण्यातले जे जे नकोसे वाटते त्याचे अस्तित्वच नाकारणे, हे किचचे लक्षण सांगितले. या दोन विचारांची सांगड घातली की क्रौर्याशी किचचे नाते दिसू लागते. चित्र निर्दोष हवे असेल तर दोष असणाऱ्याला चित्राबाहेर काढावे लागते. कागदावर हे काम खोडरबराने होते. राज्यकर्त्याने तेच काम समाजावर करायचे ठरवले म्हणजे काय होते, हे जर्मनीच्या इतिहासात पाहावयास मिळते.

१८ जुलै १९३७ रोजी म्युनिकमध्ये हिटलरच्या हस्ते ‘थोर जर्मन कला’ या प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. त्यात सुदृढ शेतकरी कुटुंबे होती, तान्ही मुले घेतलेल्या माता होत्या, निर्दोष नग्न देह होते, शांत निसर्गदृश्ये होती. दुसऱ्याच दिवशी, तेथून जवळच, दुसरे प्रदर्शन उघडले. त्याचे नाव ‘अधःपतित कला’. जर्मन संग्रहालयांतून जप्त केलेल्या सुमारे ६५० कलाकृती तेथे दाटीवाटीने टांगल्या होत्या व भिंतींवर त्यांची टवाळी करणारी वाक्ये लिहिली होती. नोल्डे, किर्शनर, क्ले, शागाल यांच्या चित्रांबरोबर तेथे ऑटो डिक्स याचे १९२० सालचे एक चित्रही होते. पहिल्या महायुद्धात स्वतः लढलेल्या या चित्रकाराने हातपाय गमावलेले, चेहरे उद्ध्वस्त झालेले सैनिक रस्त्यावरून चाललेले दाखवले होते. जर्मन वीरांचा हा अपमान आहे, असे ठरवण्यात आले. ज्यांचे पाय युद्धात गेले त्यांनी स्वतःच्या वीरत्वाच्या चित्रात येऊ नये, असा त्याचा अर्थ होतो. डिक्सचे ते चित्र पुढे नष्ट झाले.

गंमत अशी की नाझी राजवटीला ‘किच’ हा शब्द चांगला ठाऊक होता व तिला त्याचा तिटकाराही होता. १९ मे १९३३ रोजी राष्ट्रीय प्रतीकांच्या रक्षणासाठी एक कायदा झाला. सत्तांतर होताच व्यापाऱ्यांनी नाना फालतू वस्तूंवर स्वस्तिक छापून ते विकण्याचा सपाटा लावला होता; त्याला हा पायबंद होता. म्हणजे राखदाणीवरचे किच त्यांना दिसत होते, पण आपण सारे राष्ट्रच एका गुळगुळीत चित्रात कोंबू पाहत आहो हे दिसत नव्हते. अभिरुचीची पोलिसी बंदोबस्ताने होणारी राखण किती पोकळ असते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण.

चित्राबाहेर काढण्याची ही क्रिया भिंतीवरून माणसांपर्यंत पोहोचायला फार वर्षे लागली नाहीत. हिटलरने १ सप्टेंबर १९३९ ही तारीख घातलेल्या एका पत्राने काही डॉक्टरांना असाध्य रुग्णांना ‘दयामृत्यू’ देण्याचा अधिकार दिला. बर्लिनमधील टिअरगार्टन रस्त्यावरील ४ क्रमांकाच्या घरातून हा कारभार चाले, म्हणून त्याला पुढे ‘टी ४’ असे नाव पडले. मनोरुग्णालयांतील व अपंगांच्या संस्थांतील माणसांना करड्या रंगाच्या बसगाड्यांतून सहा केंद्रांवर नेले जाई व विषारी वायूने मारले जाई. जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात अशी ७०,२७३ माणसे मारल्याची नोंद खुद्द त्या कार्यालयानेच ठेवली. नातेवाइकांना सांत्वनपर पत्र जाई. त्यात मृत्यूचे खोटे कारण असे, आणि या मृत्यूने आपल्या माणसाची यातनांतून सुटका झाली असा दिलासाही असे. त्या पत्रातील भाषा कठोर नव्हती. ती मृदू होती. हीच गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

याच सुमारास, २९ ऑगस्ट १९४१ रोजी, बर्लिनमध्ये एक चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे नाव ‘मी आरोप करतो’. दिग्दर्शक व्होल्फगांग लीबेनआयनर. कथा एका तरुण, सुंदर, हसऱ्या स्त्रीची आहे. तिचा पती थोर संशोधक डॉक्टर. पियानो वाजवताना एके दिवशी तिचा हात चालेनासा होतो. मज्जासंस्थेचा असाध्य रोग तिला ग्रासतो. आपण परावलंबी होण्यापूर्वी मला मुक्त कर, अशी ती पतीची आळवणी करते. अखेर तो तिला औषधाची घातक मात्रा देतो. शेजारच्या खोलीत पियानोचे सूर चालू असतात. पुढे न्यायालयात उभा राहून तो, अशा मृत्यूला मनाई करणाऱ्या कायद्यावरच आरोप करतो. दीड कोटीहून अधिक लोकांनी हा चित्रपट पाहिला. ‘दयामृत्यू’ला लोकमत अनुकूल व्हावे, या हेतूने तो सरकारी आशीर्वादाने काढलेला होता.

या चित्रपटात रुग्णांचा तिरस्कार नाही, शिवीगाळ नाही, द्वेष नाही. त्याची सारी करामत एका अदलाबदलीत आहे. प्रत्यक्षात मारली जाणारी माणसे मरण मागत नव्हती. पडद्यावरची स्त्री मागते. त्यांना अनोळखी माणसे गाडीत घालून नेत. हिच्या उशाशी प्रेमळ पती आहे. तेथे अनेक जण एकदम मरत. येथे एक जण संगीताच्या साथीने मरते. प्रेक्षक रडतो, आणि ते रडणे खरे असते. परंतु ते अश्रू ज्या स्त्रीसाठी गळतात ती कल्पित आहे, व त्या अश्रूंचा लाभ होतो तो त्या गाड्या चालवणाऱ्यांना. द्वेषाने जे काम झाले नसते ते कळवळ्याने करून घ्यायचे, असा हा डाव होता. किच आणि क्रौर्य यांचा संयोग याहून स्पष्ट क्वचितच सापडेल.

या चित्रपटाच्या चारच आठवडे आधी, ३ ऑगस्ट १९४१ रोजी, म्युन्स्टरचा बिशप क्लेमेन्स फॉन गालेन याने प्रवचनात हीच गोष्ट साध्या भाषेत सांगितली. रुग्ण नेले जात आहेत, त्यांना मारले जात आहे, आणि हा खून आहे. निरुपयोगी माणसाला मारणे न्याय्य ठरले तर उद्या म्हाताऱ्यांचे काय, युद्धावरून जायबंदी होऊन आलेल्या सैनिकांचे काय, असे त्याने विचारले. त्या प्रवचनाच्या प्रती गुपचूप देशभर फिरल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस वायुकेंद्रांवरची ही मोहीम थांबवण्यात आली. रुग्णांना औषधे टोचून व उपाशी ठेवून मारणे मात्र पुढेही चालू राहिले. बिशपच्या प्रश्नात पुन्हा जखमी सैनिक आला हे लक्षात घ्यावे. भिंतीवरून हाकललेला डिक्सचा सैनिक प्रवचनातून परत आला.

किचचा दुसरा उपयोग क्रूर माणसाला स्वतःसाठी असतो. आपण क्रूर आहोत असे मानून जगणे कोणालाच सोपे नसते. म्हणून त्याला स्वतःची एक गोड तसबीर लागते. नोव्हेंबर १९३३ मध्ये नाझी सरकारने प्राणिरक्षणाचा व्यापक कायदा केला व तो करताना आपल्या भूतदयेची जाहिरात केली. मे १९४२ मध्ये त्याच राज्यात ज्यूंना पाळीव प्राणी ठेवण्यास बंदी झाली. ड्रेस्डेन येथे राहणारा भाषाभ्यासक व्हिक्टर क्लेम्पेरर याने आपल्या दैनंदिनीत नोंदवले आहे की, त्यांच्या मुशेल नावाच्या बोक्याला त्यांना पशुवैद्याकडे नेऊन मारवून घ्यावे लागले. प्राण्यांवर प्रेम करण्याचा हक्कही चित्रातल्या माणसांपुरताच होता.

२००७ साली वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृतिसंग्रहालयाकडे ११६ छायाचित्रांचा एक संग्रह आला. तो आउश्विट्झ येथील एक अधिकारी कार्ल ह्योकर याचा खासगी आल्बम होता. छावणीपासून सुमारे ३० किलोमीटरवर अधिकाऱ्यांसाठी विश्रामगृह होते. तेथील काही छायाचित्रे त्यात आहेत. जुलै १९४४ मधील एका प्रसंगी कार्यालयातील तरुण मुली कठड्यावर ओळीने बसून वाडग्यांतून ब्लूबेरी खात आहेत, शेजारी एक जण अ‍ॅकॉर्डियन वाजवीत आहे. फळे संपल्यावर एक मुलगी रिकामा वाडगा उपडा धरून रडण्याचा अभिनय करते. त्याआधीच्या सुमारे आठ आठवड्यांत हंगेरीतून ४ लाखांहून अधिक ज्यू गाड्यांतून पाठवले गेले होते; त्यांतील बहुतेक आउश्विट्झला आले व बहुतेक येताक्षणी मारले गेले. आल्बममध्ये त्या गाड्या नाहीत, गॅसकोठड्याही नाहीत. या छायाचित्रांतील माणसे राक्षसासारखी दिसत नाहीत; सहलीला गेलेल्या कोणत्याही कचेरीतील मंडळींसारखी दिसतात. त्यांना फोटो लपवण्यासाठी काढायचे नव्हते, आठवण म्हणून जपायचे होते. त्यांच्या दृष्टीने तेच त्यांचे खरे आयुष्य होते.

आता दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, क्रूर माणसे केवळ किचवर पोसलेली नव्हती. ज्यूंच्या संहाराचा एक प्रमुख सूत्रधार राइनहार्ड हायड्रिख हा संगीतकाराचा मुलगा व स्वतः उत्तम व्हायोलिनवादक होता. आउश्विट्झमध्ये कैद्यांचे वाद्यवृंद होते व अधिकारी त्यांच्याकडून अभिजात संगीत ऐकत. हे खरे आहे, व म्हणूनच चांगली कला ही क्रौर्यावरची लस आहे असे मानता येत नाही. श्रेष्ठ संगीतही किचप्रमाणे वापरता येते. ते ऐकून डोळे मिटायचे, आपण किती सुसंस्कृत आहोत हे अनुभवायचे, आणि वाजवणाऱ्या हाताकडे पाहायचे नाही. किच वस्तूत असते त्याहून अधिक पाहणाऱ्याच्या वृत्तीत असते, असा याचा निष्कर्ष निघतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भावुकता एवढी वाईट असेल तर कोरडेपणाच बरा म्हणावयाचा काय? नाही. जानेवारी १९७९ मध्ये पश्चिम जर्मनीत ‘होलोकॉस्ट’ ही अमेरिकन दूरदर्शनमालिका दाखवली गेली. आउश्विट्झमधून वाचलेला लेखक एली वीझेल याने अमेरिकेतील प्रक्षेपणाच्या वेळीच तिच्यावर उथळपणाचा आरोप केला होता, व तो निराधार नव्हता. तरीही सुमारे २ कोटी जर्मनांनी ती पाहिली, आणि दर भागानंतरच्या चर्चेत हजारो लोकांनी दूरध्वनी करून प्रश्न विचारले. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या वर्षांविषयी विचारण्याचे धैर्य अनेकांना त्यानंतर झाले. खुनाच्या गुन्ह्याला असलेली कालमर्यादा रद्द करण्याचा निर्णय त्यांच्या संसदेने ३ जुलै १९७९ रोजी घेतला. नाझी खुन्यांवर पुढेही खटले भरता यावेत हा त्याचा हेतू होता. तो एकट्या मालिकेचा परिणाम नव्हे. पण तिने ढवळलेल्या मनांचा त्यात वाटा होता. अश्रूंनंतर प्रश्न आला, म्हणून ते अश्रू वाया गेले नाहीत.

आपल्याला याहून जवळचे उदाहरण साने गुरुजींचे आहे. ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली तेव्हापासून तिच्या हळवेपणाची थट्टा करणारे काही कमी नाहीत. पण ज्या माणसाने ते पुस्तक लिहिले त्याने मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले, आणि मंदिर खुले झाले. त्यांच्या डोळ्यांतील पाणी आणि त्यांचे उपोषण यांत अंतर नव्हते. चित्राबाहेर ठेवलेल्या माणसाला आत आणण्यासाठी ते रडणे होते. किच नेमके उलट करते. ते बाहेरच्याला बाहेर ठेवून आतल्यांना रडवते.

आज आपल्या हातातील मोबाइलवर दिवसाकाठी असे कितीतरी गहिवर येऊन जातात. कोणी म्हातारीला पांघरूण देतो व देताना चित्रण करतो. मागे करुण संगीत असते. आपण ते पाहतो, हळहळतो, पुढे पाठवतो. त्या म्हातारीने आपला चेहरा असा दाखवायला होकार दिला होता काय, हे आपण विचारत नाही. यात छावण्यांचे क्रौर्य आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून स्वतःवर प्रसन्न होण्याची सवय याच मार्गाने लागते, आणि ज्याला ती लागली त्याला उद्या कोणते चित्र दाखवून काय करवून घेता येईल हे सांगता येत नाही.

म्हणून गहिवरून येईल तेव्हा गहिवर आवरावा असे नाही. डोळे पुसल्यावर एवढेच पाहावे की, या सुंदर चित्रात कोणाला जागा दिलेली नाही, त्याला बाहेर कोणी काढले, आणि तो आत्ता कोठे आहे.